ती ढबू, ही पेपेरोनी

अहो, तुमच्या फोटोला हार घातलाय, पण हनुवटीवरचं तेल तसंच आहे. मीनलला म्हटलं, दुसरा फोटो लाव गं, तो पासपोर्टचा, टाय घातलेला. तर म्हणाली, "आई, नो. बाबा इथे हसतायत." हसताय खरे. घरी येणारा प्रत्येक जण हात जोडतो आणि मग जरासा वाकून बघतो, की ह्या गृहस्थांच्या हनुवटीला लागलंय तरी काय. मी कुणाला सांगत नाही. काय सांगू? की हे एका फ्रेंच गावात, एका इटालियन माणसाच्या हॉटेलात, काशीला सोडलेली ढबू मिरची चापत होते म्हणून?

माझा त्या फोटोवर संशय आहे. तुमच्यावर आहे म्हणा हवं तर. तुम्ही म्हणायचात, सुमनला देव प्रसन्न झाला तर ती आधी त्याचं आयडी मागेल. मागेनच. हल्ली कोणीही येऊन काहीही सांगतं. तर रोज सकाळी चहा घेऊन मी तुमच्यासमोर बसते, वाचायचा चष्मा लावून फोटोतले डोळे बघते आणि एकच प्रश्न विचारते. त्या दिवशी तुम्हाला माहीत होतं ना?

डॉक्टरनं आपल्या दोघांना समोर बसवून सांगितलं ते ऑक्टोबरमध्ये. स्वादुपिंडाचा कॅन्सर, आणि फार पुढे गेलाय. तुम्ही उद्या पाऊस आहे हे ऐकावं तशी मान डोलावलीत. मी डॉक्टरकडे बघतच नव्हते, तुमच्याकडे बघत होते. पहिल्यांदा ऐकणाऱ्या माणसाचा चेहरा असा नसतो. तिथे जी पाल चुकचुकली ती अजून गप्प बसलेली नाही. आधीपासून माहीत असून माझ्यापासून लपवलंत, तर सगळा शेवटचा उन्हाळा तुम्ही एकट्यानं काढलात आणि मी शेजारी बसून विमानातल्या जेवणावर तक्रारी करत होते, असा त्याचा अर्थ होतो. ते मला सहन होत नाही. बाकी काही नाही.

पुरावे माझ्याकडे आहेत. फ्रान्सला जायच्या आधी तुम्ही मला घर तापवणाऱ्या फर्नेसचा फिल्टर बदलायला शिकवलंत. इतकी वर्षं बेसमेंटच्या त्या कोपऱ्यात मला फिरकू दिलं नाहीत, म्हणे तुला धुळीनं शिंका येतात, आणि एकाएकी "बाण बघ, हवा ह्या दिशेनं जाते, उलटा लावू नकोस." मग स्नोब्लोअर. भर जूनमध्ये! लॉनवर हिरवंगार गवत आणि मी बर्फ उडवायच्या मशीनची दोरी ओढतेय. समोरचे शेजारी कॉफीचे मग घेऊन बघत उभे. मी तेव्हाच म्हटलं, कुठंतरी पाणी मुरतंय. तर तुम्ही म्हणे, म्हातारपणी दोघांनाही सगळं यायला हवं, मी नाही का पोळ्या शिकलो. पोळ्या! त्यांना पोळ्या म्हणायचं धाडस फक्त तुमचंच.

आणि त्या आधीची ती रक्ताची तपासणी. एकटेच गेलात. विचारलं तर "रूटीन आहे गं." रूटीन तपासणीहून परत येणारा नवरा बायकोसाठी फुलं आणत नाही. निदान तुम्ही तरी आणणारे नव्हेत. मी ती फुलं फुलदाणीत ठेवली आणि दोन दिवस तुमच्याकडे तिरक्या नजरेनं बघत राहिले. तुम्ही ताकास तूर लागू दिली नाहीत.

पण माझा सगळ्यात मोठा पुरावा तो पिझ्झाच.

त्यासाठी मला काशी उगाळावी लागेल, आणि तुम्ही आता "पुरे" म्हणू शकत नाही, तेव्हा उगाळते. सासूबाई गेल्या तेव्हा मीनल लहान होती, तिची शाळा, म्हणून तुम्ही एकटेच भारतात गेलात. तुम्ही आणि अण्णा, दोघे भाऊ अस्थी घेऊन काशीला. काशीला गेलं की आवडीची एक गोष्ट तिथे कायमची सोडून यायची. लोक किती प्रामाणिकपणे सोडतात ते मला चांगलं ठाऊक आहे. माझ्या काकांनी कारलं सोडलं, जे त्यांनी जन्मात तोंडाला लावलं नव्हतं. आपल्या मंडळातल्या शैलाताईंच्या मिस्टरांनी दुधी सोडला आणि वर त्यागाची मूर्ती होऊन फिरले. तुम्ही परत आलात, बूट काढलेत, बॅग अजून दारातच होती, आणि म्हणालात, "सुमन, मी ढबू मिरची सोडली."

मी गॅसवर काय ठेवलं होतं? तुम्ही येणार म्हणून पीठ पेरून ढबू. खमंग वास घरभर सुटलेला.

आपला संसारच त्या भाजीवर उभा राहिला होता हो. आपण अमेरिकेत आलो तेव्हा इथे कुठली मेथी आणि कुठली गवार. बटाटा, कोबी आणि ही ढबू. बेसन मिळवायला तासभर गाडी चालवावी लागायची. मोहरी-हळदीची फोडणी, वरून बेसन भुरभुरायचं, झाकण, मंद आच, तळाला जरा खरपूस लागू द्यायची आणि चिमूटभर साखर. दर रविवारी. तुम्ही कढई खरवडून खायचात. आणि मी तो गॅस बंद केला, भाजी शेजारच्या मेरीला देऊन टाकली आणि त्या दिवसापासून आपल्या घरात ढबू शिजली नाही. एकाला वर्ज्य म्हणजे घरालाच वर्ज्य. दुकानात लाल, पिवळी, हिरवी अशी तीन-तीनची पाकिटं लागलेली असायची, मी मान वळवून पुढे जायची.

एवढ्यावर भागलं असतं. पण गणपतीच्या पॉटलक जेवणाला शैलाताई सगळ्यांदेखत हसत म्हणाल्या, "अगं, लोक नावडतं सोडतात काशीला. तुझी ढबू त्यांना आवडत नसेल." झालं. मी घरी येताना गाडीत विचारलं, खरं सांगा, माझी ढबू वाईट होती का? तुम्ही म्हणालात, काशीला सोडलेल्या गोष्टीची चर्चा करू नये. पुढच्या वर्षी विचारलं, तेच. मीनलच्या ग्रॅज्युएशनच्या दिवशी विचारलं, तेच. किती वर्षं मी तुमचं ताट बघत होते. आमटी कमी घेतलीत की मला वाटायचं, आता ही पण सोडणार. तुम्हाला त्याचं हसू यायचं आणि मला रडू.

बरं, मी आपली मुळातच संशयी. डॉक्टरवरसुद्धा माझा विश्वास नाही, हे तुमचंच वाक्य. काशीच्या आदल्या वर्षी माझ्या छातीत कळ आली होती, आठवतं? तुम्ही शर्टाची बटणं वरखाली लावून इमर्जन्सीत गाडी घातलीत. सगळ्या वायरी लावून झाल्या आणि निघालं काय, तर पित्त. तो पोरगेला डॉक्टर मला म्हणतो, हे खाऊ नका, ते खाऊ नका, पेपर्स, म्हणजे ढबू, तर अजिबात नको. ज्यानं जन्मात फोडणीचा वास घेतला नाही तो मला पथ्य सांगणार. मी पुढच्याच रविवारी ढबू केली. जळजळ झाली, थंड दूध प्यायले, विषय संपला. तुम्ही मात्र त्या दिवशी कढई खरवडली नाहीत.

असो. तर गेल्या उन्हाळ्यात मीनलच्या कंपनीनं तिला वर्षभरासाठी फ्रान्सला पाठवलेलं होतं, म्हणून आपण गेलो. विमानतळावर माझी लोणच्याची बाटली काढून घेतली, म्हणे हा द्रव आहे. तिथूनच माझं मन त्या प्रवासाला लागलं नाही. मग ते गाव. नदी, दगडी पूल, खिडक्यांत फुलं, सगळं चित्रासारखं, पण त्याचं नाव मला एकदाही धड म्हणता आलं नाही. ही माणसं निम्मी अक्षरं लिहितात आणि गिळून टाकतात. जी माणसं स्वतःच्या अक्षरांशी प्रामाणिक नाहीत ती माझ्या जेवणाशी काय राहणार, असं मी म्हटलं. तुम्ही म्हणालात, "अगं, आपण राहतो त्या ईडन प्रेरीतलं प्रेरी फ्रेंचच आहे." इतकी वर्षं त्या पत्त्यावर राहून मला हे आत्ता सांगताय, म्हणून मी त्यावरही जरा रागावले.

त्यात सोमवार. सोमवारी ते गावच बंद. जी दोन ठिकाणं उघडी होती तिथे सुपात डुक्कर, सॅलडमध्ये डुक्कर. शेवटी पुलाच्या टोकाला तो इटालियन सापडला. चारच टेबलं, भिंतीत भट्टी, आणि पोटावर एप्रन बांधलेला म्हातारा मालक. तो फ्रेंच बोलायचा ते मीनललाही अर्धंच कळायचं. पाणी आलं तर त्यात बुडबुडे. मी बाजूला ठेवलं. चीजचा विचार मनातून काढून टाकला, कारण त्यात वासराच्या पोटातलं काय घालतात ते तुम्हीच मला एकदा सांगून बसला होतात. मेन्यू हातात घेतला आणि मला लख्ख अक्षरांत दिसलं, पेपेरोनी. पानभर पेपेरोनी. आपल्यासारख्यांना अमेरिकेत आल्यावर पहिला शब्द कुठला शिकवतात? तोच. तो दिसला की डुकराच्या मांसाच्या चकत्या समजायच्या आणि हात मागे घ्यायचा.

आणि तुम्ही शांतपणे त्याच्यावर बोट ठेवलंत आणि म्हणालात, "मी हा घेतो."

मी म्हटलं, अहो, डुक्कर आहे ते! इतक्या मोठ्यानं म्हटलं की शेजारच्या टेबलावरचं जोडपं वळलं. मीनल आपली "आई, रिलॅक्स" करतेय. तुम्ही म्हणालात, विचारून तर बघू. मालक आला. मीनलनं विचारलं, त्यानं उत्तर दिलं, मला पटलं नाही. मी हातानं, मानेनं, इंग्लिशमधून, मराठीतून विचारलं, मीट? मीट? तो बिचारा वैतागून आत गेला आणि परत आला तो मुठीत एक लालभडक, तुकतुकीत ढबू मिरची घेऊन. माझ्या नाकासमोर धरली आणि सावकाश, लहान मुलाला शिकवावं तसं म्हणाला, "पे-पे-रो-नी."

तुम्ही किती हसलात! टेबलावर हात आपटून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्यांच्या भाषेत पेपेरोनी म्हणजे ढबू. आपण अमेरिकेत ज्याला घाबरून राहिलो तो शब्द त्यांच्याकडे भाजी निघाला. मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू. मग माझ्या लक्षात आलं आणि हसू थांबलं. मी म्हटलं, "अहो, पण काशी?"

तुम्ही नॅपकिननं डोळे पुसलेत आणि म्हणालात, "काशीला मी ढबू सोडली. ही पेपेरोनी आहे."

एका शब्दावर सुटलात. माझा साधा मार्गारिटा पिझ्झा आला, तुमचा तो आला, अख्खा न कापलेला, ताटाएवढा. लाल-पिवळ्या पट्ट्या कडेनं खरपूस झालेल्या. तुम्ही सुरी-काटा बाजूला ठेवून हातानं तोडलंत आणि खायला लागलात. डोळे मिटून. इतकी वर्षं तुमच्यासमोर बसून जेवले, पण कधी तुम्हाला डोळे मिटून खाताना बघितलं नव्हतं. मीनलनं तेव्हाच हा फोटो काढला.

मी म्हटलं, एक तुकडा द्या. आपल्यात काय, तुमच्या ताटातलं मी आणि माझ्यातलं तुम्ही, कायमचंच. मी हात पुढे केला आणि तुम्ही ताट फिरवलंत. पलीकडे. "तुला नको."

मला वाटलं थट्टा. पुन्हा हात केला. तुम्ही माझं मनगट धरलंत, अगदी हलकं, आणि खाली टेबलावर ठेवलंत. "नको सुमन. तू तुझा खा."

माझं पित्त खवळलं. सोडलेली वस्तू स्वतः खाणार आणि बायकोला घासभर नाही! मी पर्स उचलून तुमच्या पुढे पुलावर चालू लागले. पुलाच्या कठड्यावर तुम्ही बसलात. म्हणालात, जरा दम लागलाय, फार खाल्लं. मी तोंड फिरवून नदी बघत उभी राहिले. मग तुम्ही मला आइसक्रीम देऊ केलंत, ते मी घेतलं नाही. आता वाटतं, घ्यायला हवं होतं. पिस्त्याचं होतं.

ऑक्टोबरनंतर मी बसून हिशेब लावला. काशीला सोडलेली वस्तू माणूस पुन्हा दोनच कारणांनी खातो. एक, श्रद्धा उडाली तर. तुमची उडालेली नव्हती, दुसऱ्या दिवशी सकाळी आपण उतरलो होतो त्या हॉटेलच्या खोलीत गोधडीएवढ्या टॉवेलवर बसून तुम्ही संध्या केलीत. म्हणजे दुसरं. आता काय पाळायचं आणि कुणासाठी, असं वाटलं म्हणून. म्हणजे माहीत होतं. म्हणजे तो तुकडा तुम्ही निरोपाचा म्हणून खात होतात आणि त्यातही मला घेतलं नाहीत. हा विचार मी सबंध हिवाळा उराशी घेऊन तुमच्या उशा बदलल्या.

विचारलंही. हॉलमध्ये तुमची ती वरखाली होणारी कॉट आली होती, फ्रान्सहून रजा घेऊन आलेली मीनल औषधं आणायला गेली होती. मी जवळ बसून म्हटलं, आता तरी खरं सांगा, त्या पिझ्झ्याच्या दिवशी तुम्हाला माहीत होतं का? तुम्ही उशीवर मान माझ्याकडे वळवलीत. मग म्हणालात, "पिझ्झा चांगला होता." आणि डोळे मिटलेत. तुमच्याशी भांडणात मी कधी जिंकले नाही, कारण तुम्ही भांडायचाच नाहीत. फार वाईट सवय होती ती.

फिल्टर मी बदलला बरं का, मागच्या आठवड्यात. बाण बघून. आणि मार्चअखेरीस पुन्हा बर्फ पडलं तेव्हा स्नोब्लोअरची दोरी पहिल्या झटक्यात लागली. समोरचा शेजारी धावत आला मदतीला, मी त्याला म्हटलं, नो थँक यू, माय हजबंड टॉट मी. एवढं बोलून गॅरेजमध्ये जाऊन रडले. रागावलेय मी तुमच्यावर, आणि तुम्ही शिकवलेलं एकेक कामाला येतंय. अशा माणसावर रागवायचं तरी कसं?

परवा अण्णांचा फोन आला. तेराव्याला येता आलं नाही म्हणून हळहळत होते, गुडघ्यांनी त्यांना जागेवर बसवलंय. म्हणाले, पुढच्या महिन्याच्या श्राद्धाला त्याच्या आवडीचं काही कर. मी म्हटलं, अण्णा, एक विचारते. काशीला सोडलेली वस्तू माणूस गेल्यावर त्याच्या पानात वाढली तर चालते का?

"कसली वस्तू?"

मी म्हटलं, ढबू मिरची. ह्यांनी सोडली होती ना, तुमच्यासोबत होते तेव्हा.

अण्णांनी मला तेच पुन्हा म्हणायला लावलं. मग अण्णा म्हणाले, "सुमन, वसंतानं काशीत काही सोडलं नाही."

गुरुजींनी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणे नुसतेच हात जोडलेत. आणि घाट चढून वर येताना अण्णांना विचारलंत, की ढबू सोडली असं मी घरी सांगितलं तर पाप लागेल का. अण्णा भडकले. काशीत उभा राहून खोटं बोलतोस? तर तुम्ही म्हणालात, "तिला त्या भाजीनं पित्त होतं, अण्णा. हॉस्पिटलात न्यावं लागलं. माझ्यासाठी करते आणि मग स्वतःही खाते. डॉक्टरचं ती ऐकत नाही, माझं तर नाहीच. काशीचं नाव घेतलं तरच संशय घेणार नाही."

काशीवर मी संशय घेतला नाही हे खरं. फक्त तुमच्यावर घेतला.

आधी वाटलं, अण्णा माझी समजूत काढतायत. म्हातारी माणसं विधवेला असलं काहीबाही सांगतात. फोन ठेवून तुमच्यासमोर येऊन बसले आणि चष्मा लावला. आणि मला ते ताट आठवलं, फिरवलेलं. माझं मनगट. "तुला नको." अण्णांना त्या पिझ्झ्याचं काही ठाऊक नव्हतं, मी कधी सांगितलं नव्हतं. म्हणजे खरं होतं. माझ्यासमोर दुसरा पिझ्झा होता, मी ढबू खाणार नव्हते, म्हणून इतक्या वर्षांनी तुम्हाला ती खायला मिळाली. एवढंच होतं त्या डोळे मिटण्यात. निरोपबिरोप काही नव्हता. भूक होती.

तेव्हा माझा मोठा पुरावा गेला. फुलांचा आणि स्नोब्लोअरचा अजून आहे, आणि तुम्ही अगदी निर्दोष सुटलात असं समजू नका. माहीत असेल, नसेल. ते मी तुम्हाला विचारत राहीनच, सकाळी चहाच्या वेळी. पण माझी ढबू वाईट नव्हती. एवढं एक वाक्य तुम्ही जिवंतपणी का नाही हो बोललात? बोलला असता तर मी पुन्हा केली असती, हेही मला ठाऊक आहे. पुढच्याच रविवारी.

आज रविवार. सकाळी जाऊन ते तीन रंगांचं पाकीट आणलं. मोहरी, हळद, वरून बेसन, मंद आच. तळाला लागू दिली. तुमच्या फोटोपुढे वाटी ठेवली, माझं ताट घेतलं आणि समोर बसले. पहिला घास अगदी तसाच लागला. दुसऱ्यालाच छातीत जळजळायला लागलं; तो पोरगा डॉक्टर चुकीचा नव्हता. तिसऱ्याला हात घातला आणि जरा थांबले, कोणी ताट फिरवतंय का बघत.

कोणी फिरवलं नाही. मग सगळी खाल्ली.